रोममध्ये नळ चालूच होता

आनंदराज सोनकांबळे यांनी रोम बघायच्या आधीच लातुरात त्यांचं रोमवरचं व्याख्यान ठरलं होतं, आणि पुढची सगळी भानगड त्यातून झाली. माणसाने आधी बघावं आणि मग बोलावं, असा जगाचा रिवाज आहे. पण शेजारच्या नरसिंगरावांना जगाच्या रिवाजाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना वैजनाथअप्पांना बंद पाडायचं होतं.

हे वैजनाथअप्पा म्हणजे कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे कायमचे वक्ते. मुलाकडे आठ दिवस दुबईला जाऊन आले आणि त्या आठ दिवसांवर दोन वर्षं जगले. दिवाळी स्नेहमीलन असो की डोळे तपासणी शिबिर, अप्पा उठायचे आणि दुबई सांगायचे. 'दुबईत असं नसतं' हे वाक्य ते रस्त्यावरच्या खड्ड्यावर म्हणायचे, उशिरा आलेल्या औसा गाडीवर म्हणायचे, दुसऱ्याच्या घरी चहात साखर कमी पडली तरी म्हणायचे. आनंदराज हे सगळं पहिल्या रांगेत बसून ऐकायचे. सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस, ऐकून घ्यायची त्यांना सवय होती. पण सवय झाली म्हणून अपमान वाटायचा थांबतो असं नाही.

त्यामुळे रोमला राहणारी त्यांची मुलगी लुंबिनी बाळंत झाली आणि जावई सुगतरावांनी दोघा सासू-सासऱ्यांची तिकिटं पाठवली, तेव्हा बाळाच्या आजीच्या खालोखाल आनंद नरसिंगरावांना झाला.

"सोनकांबळे साहेब, दुबई काय, रोम काय," ते निरोप द्यायला आले तेव्हा म्हणाले. "रोम म्हणजे दुबईचा बाप हाय. तुमी निस्तं बगून या. बाकीचं मी बगतो."

रोमला जाऊन तीन आठवडे होत आले. या तीन आठवड्यांत आनंदराजांनी रोमची लिफ्ट बघितली, रोमचं वॉशिंग मशीन बघितलं आणि गच्चीवर वाळणारी बाळाची दुपटी बघितली. त्यांच्या बायकोने, महामायाबाईंनी, घराचा ताबा घेतला होता. त्यांनी येताना आणलेला डिंक, खारीक, हळीव, शेपा असा सगळा सरंजाम स्वयंपाकघरात मांडला होता आणि सकाळ-संध्याकाळ बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू चालायचं. अशा घरात आजोबा नावाच्या माणसाला ठेवायला जागा नसते. इकडे बसले की "आवो, तिकडं सरका", आणि तिकडे बसले की "आवो, बाळाला वारा लागंल".

अशात एक दिवस नरसिंगरावांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्यामागे त्यांच्या बायको सुमनबाई आणि निम्मी कॉलनी दाटीवाटीने उभी होती.

"फ्लेक्स टाकला छापायला," नरसिंगराव म्हणाले. "'रोम : मी पाहिलेले. वक्ते, मा. आनंदराज सोनकांबळे.' मधी फोटोला जागा सोडली हाय. त्या गोल इमारतीपुढं उभं राहून एक फोटो धाडा."

"गोल इमारत?"

"कोलोसियम वो. आपल्या गंजगोलाईवानी हाय, निस्ती पडकी."

तेवढ्यात सुमनबाई पुढे आल्या. "भाऊजी, तिथं लई चोर हायती म्हणं. पासपोर्ट कंबरंला बांधा. रेल्वेत बसू नका. आन कुणी चहा दिला तर घिऊ नका, तोंडावर गुंगीचा बोळा फिरवत्यात."

मागून वैजनाथअप्पांचा आवाज आला, "एकट्यानं जमंल का पण त्येंला? गंजगोलाईत मागल्या साली चुकले हुते."

कॉल संपला. गंजगोलाईच्या गोल बाजारातून सोळा रस्ते फुटतात, तिथे कुणीही चुकेल, हे आनंदराज बंद केलेल्या मोबाईलला बराच वेळ समजावून सांगत होते.

दुसऱ्या दिवशी ते निघाले. सुगतरावांनी कोलोसियमचं दुपारचं तिकीट मोबाईलवर काढून दिलं, नकाशा लावून दिला. रेल्वेत बसायचं नव्हतंच, तेव्हा चालतच जायचं ठरलं. महामायाबाईंनी पिशवीत धपाटे घातले, शेंगाची चटणी घातली, पाण्याची एक भरलेली बाटली घातली आणि दोन मोठ्या रिकाम्या. रिकाम्या कशाला, असं लुंबिनीने विचारलं, कारण तिला गाव सोडून आता बरीच वर्षं झाली होती. आनंदराजांनी विचारलं नाही. लातूरचा माणूस रिकामी बाटली घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. कुठे भरून मिळेल, सांगता येतं का?

"नीट बगून या," महामायाबाई दारात म्हणाल्या. त्यांच्या खांद्यावर बाळ होतं. "मला काय हितं हलता येत न्हाई. तुमी आलात की सांगा, म्हणजे मीबी बगितल्यावानी हुईल."

आनंदराज लिफ्टने खाली उतरले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि रोमचं प्रेक्षणीय स्थळदर्शन तिथेच संपलं.

कोपऱ्यावर नळ होता. कमरेएवढा लोखंडी खांब, त्याला वाकड्या नाकासारखी तोंडाची नळी, आणि त्यातून पाणी वाहत होतं. मनगटाएवढी धार, थंडगार, आणि खाली बादली नाही, घागर नाही, माणूस नाही. थेट गटारात.

इथे लातूरच्या बाहेरच्या वाचकाला थोडं सांगितलं पाहिजे. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्या-दहा दिवसांनी येतं. त्याला 'पाणी आलं' असं म्हणत नाहीत, 'नळ आले' म्हणतात, पाहुणे आल्यासारखं. नळ आले की माणूस ताटावरून उठतो. लग्नघरातून उठतो. एका उन्हाळ्यात तर गावाला पाणी रेल्वेने आलं, आणि लोक नातेवाइकाला आणायला जावं तसे ती गाडी बघायला गेले होते. तेव्हा वाहता नळ दिसला आणि तसाच पुढे गेला, असा माणूस लातूरचा असूच शकत नाही.

आनंदराज थांबले. त्यांनी बंद करायला तोटी शोधली. पुढून नव्हती, मागून नव्हती. त्यांनी खाली वाकून बघितलं, तिथेही नव्हती. म्हणजे तोटी चोरीला गेली होती. सुमनबाई चोरांबद्दल बोलल्या ते उगीच नाही.

आता तोटी गेलेल्या नळावरचा इलाज आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतो. कणसाचं बुरकुंड नाहीतर चिंधीचा बोळा करून आत ठोकायचा. बुरकुंड रोममध्ये कुठलं मिळायला? आनंदराजांनी खिशातला हातरुमाल काढला, पीळ दिला आणि नळीत जोर लावून कोंबला.

त्या नळीला वरच्या अंगाला एक बारीक भोक होतं. ते त्यांनी बघितलं नव्हतं. खालून कोंडलेलं पाणी त्या भोकातून उसळलं आणि सरळ त्यांच्या छातीवर आलं, तिथून चष्म्यावर, तिथून टोपीवर. आनंदराज मागे सरले तर पाणीही मागे आलं. पाइप फुटला, आणि तोही आपल्या हातून. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी सरकारी टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती, आणि आता परमुलखात सरकारी मालमत्तेचं नुकसान. त्यांनी रुमाल ओढून काढला. कारंजं बंद झालं आणि नळ पहिल्यासारखा वाहायला लागला.

अंगठा लावून बघितला, पुन्हा कारंजं. काढला, पुन्हा धार. म्हणजे नळात एक नाही, दोन दोष होते : तोटी गायब आणि वर भोक. हे आता संबंधितांना कळवायला हवं होतं.

'संबंधित' हा शब्द सरकारी माणसालाच कळतो. संबंधित म्हणजे जो आत्ता जागेवर नाही तो. आनंदराजांनी सगळी हयात लोकांना संबंधितांकडे पाठवण्यात घालवली होती, पण स्वतः संबंधित शोधायची वेळ कधी आली नव्हती. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. एक पोलीस येत होता, इस्त्रीचा कडक गणवेश, डोळ्याला काळा चष्मा.

"सर," आनंदराज त्यांच्या कचेरीतल्या इंग्रजीत म्हणाले, "टॅप ओपन. नो तोटी. वॉटर वेस्ट. प्लीज डू द नीडफुल."

पोलिसाने ओल्या म्हाताऱ्याकडे बघितलं आणि तो हसला. त्याने आनंदराजांचं बोट धरलं आणि नळीच्या तोंडावर दाबून ठेवलं. वरच्या भोकातून पाणी उडालं. त्याने मान डोलावली, हे असं, म्हणून. मग त्याच्या खांद्यावरचं यंत्र खरखरलं, तो घाईने निघाला, आणि जाता जाता त्याने हाताचा पंजा उंच करून दाखवला.

त्याच्या देशात तो राम राम असावा. आपल्याकडे पंजा दाखवला की त्याचा अर्थ होतो, थांबा, आलोच.

आनंदराज थांबले. त्यांच्या डोक्यात सगळं स्वच्छ होतं : पोलीस संबंधितांना आणायला गेला आहे आणि तोवर नळाचा पदभार आपल्याकडे दिला आहे. पदभार आला की माणसाला ताठ उभं राहावं लागतं. ओली टोपी काढून त्यांनी पायरीवर उलटी वाळत ठेवली, आणि नळीवर बोट दाबून ते उभे राहिले.

थोड्या वेळाने एक लहान मुलगी आली, त्या उडणाऱ्या धारेला तोंड लावून प्याली आणि काहीतरी गोड बोलून गेली. मग एक सायकलवाला आला. मग पांढऱ्या वेशातल्या दोन ख्रिस्ती जोगिणी आल्या. मग एक टोळीच आली, काळी, गोरी, पिवळी, सगळ्या रंगांची माणसं, आणि आनंदराजांच्या बोटापुढे रांग लागली. ते बोट वाकवून धार मोठी करायचे, लहान मुलांना बारीक. त्यांना ते आवडायला लागलं होतं.

त्यांना मधेच त्यांची आजी आठवली. चाकूरकडच्या गावात ती विहिरीजवळ घागर घेऊन उन्हात उभी राहायची, वरून कुणीतरी ओतेल म्हणून. विहिरीला तिचा हात लागलेला गावाला चालायचा नाही. इथे जो येत होता तो तोंड लावून पीत होता आणि सोनकांबळ्यांच्या बोटावरचं पाणी पिऊन आभार मानून जात होता. कुणी कुणाचं आडनाव विचारत नव्हतं. आनंदराजांचे डोळे भरून आले. चष्मा ओलाच होता, म्हणून ते कुणाला कळलं नाही.

एका पर्यटक बाईने त्यांच्यासोबत फोटो काढला, त्यांच्या मोबाईलवरही काढून दिला, आणि जाताना टोपीत नाणं टाकलं.

आनंदराजांनी टोपीकडे बघितलं. टोपीत आणखीही नाणी होती. बरीच होती. लोक केव्हाचे त्यांना पैसे टाकत होते.

पेन्शनर माणूस, राजपत्रित होता होता राहिलेला, आणि भर चौकात टोपी पसरून उभा. वैजनाथअप्पांना हे कळलं असतं तर दुबईची गरजच उरली नसती. "नो, नो, आय ॲम सुपरिंटेंडंट," असं ते रांगेला सांगायला लागले, तर रांगेने टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात त्यांना रस्त्याच्या पलीकडे दुसरा नळ दिसला. तसाच खांब, तसंच नाक, तशीच धार, तोटी नाही. एक म्हातारी आली, तिने नळीला बोट लावलं, वरून पाणी प्याली, बोट काढलं आणि निघून गेली. नळ वाहत राहिला. म्हातारीने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

आनंदराजांनी हळूच बोट काढलं. तोटी कुणी चोरली नव्हती. तोटी कधी बसवलीच नव्हती. हे गाव नळ बंद करतच नव्हतं. ते पायरीवर बसले आणि तो नळ कसा वाहतो याचा त्यांनी मोबाईलवर एक लांबलचक व्हिडिओ काढला, कारण लातुरात कुणाचा विश्वास बसला नसता. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वाहत्या नळाकडे पाठ फिरवली आणि चालायला लागले. दहाएक पावलं गेले असतील. मग परत आले आणि दोन्ही रिकाम्या बाटल्या भरून घेतल्या.

पुढचा रस्ता रोमचा असला तरी आनंदराजांना तो नळांचा होता. प्रत्येक वळणावर एक उभा. कुठे लांडग्याच्या तोंडाचा, कुठे फुटक्या कठड्याजवळचा. प्रत्येकाजवळ त्यांचा पाय अडायचा. एका ठिकाणी कचऱ्याच्या पेटीवर कुणीतरी पाच लिटरचा कॅन टाकून दिला होता, झाकणासकट, नवा कोरा. लातुरात असल्या कॅनवरून सख्ख्या भावांची बोलचाल बंद झालेली आहे. आनंदराजांनी तो विसळला, भरला आणि उचलला. एका हातात कॅन, खांद्याला बाटल्यांची पिशवी, दुसऱ्या हातात नाण्यांची टोपी, असा त्यांचा रोम दौरा पुढे सरकला.

वाटेत ते मोठं प्रसिद्ध कारंजं लागलं. संगमरवरी घोडे, उघडे पुरुष, आणि खाली तळंभर निळं पाणी. लोक पाठ फिरवून त्यात नाणी टाकत होते. आनंदराजांच्या मनावरचं ओझं उतरलं. भिकेचे पैसे ठेवणं बरं नव्हतं आणि परत कुणाचे कुणाला द्यायचे हे कळत नव्हतं. त्यांनी अख्खी टोपी पाण्यात उपडी केली. शेजारच्या जपानी जोडप्याने त्यांना वाकून नमस्कार केला.

इथवर ठीक होतं. पण समोर एवढं पाणी, काठाला बसायला दगड, आणि सकाळपासून चालून पायांची आग झालेली. नदीच्या काठी वाढलेला हात काही विचारून चालत नाही. त्यांनी चेहऱ्यावर पाणी मारलं, चूळ भरली, एक बूट काढला आणि पाय पाण्यात सोडला.

शिट्टी वाजली. शिट्टीमागून शिट्टी वाजली. एक पोलीसबाई गर्दी कापत आली आणि शेकडो माणसं, जी आत्तापर्यंत घोड्यांचे फोटो काढत होती, ती आनंदराजांच्या पायाचे काढायला लागली. बाई भरभर बोलत होती. आनंदराज "सॉरी मॅडम, नोटेड, सॉरी मॅडम" म्हणत एक बूट पायात आणि एक काखेत, कॅनसकट, पहिल्या दिसलेल्या गल्लीत शिरले. दोन गल्ल्या ओलांडल्यावर लक्षात आलं, तिथला फोटो राहिला.

राहू दे. खरा फोटो पुढेच होता.

कोलोसियम लांबूनच दिसलं. खरंच गंजगोलाईसारखं होतं, फक्त खाली कापड दुकानं नव्हती. आनंदराजांनी आधी मोबाईल काढला. सकाळी छातीवर घेतलेलं कारंजं शर्टाच्या खिशातही गेलं होतं. मोबाईलने दिवसभर कसाबसा जीव धरला आणि ऐन कोलोसियमपुढे डोळे मिटले. फोटो गेला. पण निदान आत तरी जाऊ, बघून तर घेऊ, म्हणून ते दारावर गेले. सुगतरावांनी शहाणपणाने तिकिटाचा कागदही पिशवीत टाकला होता.

दारावरच्या रखवालदाराने तिकीट बघितलं, पिशवी बघितली आणि कॅनवर बोट ठेवून मान हलवली. आत नेता येणार नाही. मग त्याने बाजूच्या जाळीकडे बोट दाखवलं आणि हाताने ओतल्याची खूण केली.

आनंदराजांनी विचारलं, "थ्रो?"

"थ्रो," तो म्हणाला.

"वॉटर?"

"वॉटर."

आनंदराजांनी कॅनकडे बघितलं. मग जाळीकडे. दारातून आतल्या भिंती दिसत होत्या, दोन हजार वर्षांच्या, आणि बाहेर पाच लिटर पाणी होतं. ते जाळीपर्यंत गेले. झाकण उघडलं. हात तिरपा करायचा एवढंच काम होतं. तो हात काही केल्या तिरपा होईना. कोपऱ्याकोपऱ्यावर फुकट मिळतंय, हे त्यांना कळत होतं. पण हाताला कळत नव्हतं. त्यांनी झाकण लावलं आणि ते कठड्यावर येऊन बसले. ओतायचं नाही तर मग वाटू, आणि मग आत जाऊ.

ऊन तापलं होतं, माणसं रांगेत घामाने भिजली होती. आनंदराज ज्याच्या त्याच्या बाटलीत पाणी ओतायला लागले. थोड्या वेळाने दाढीवाला, मध्यम वयाचा एक फेरीवाला त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. त्याच्या हातात बर्फातल्या बाटल्यांची बादली होती. तो बांगलादेशी होता, इथे पाणी विकायचा.

"चाचा," तो हिंदीत म्हणाला, "ये क्या कर रहे हो? मेरा धंधा बैठ जाएगा."

"पानी बेचते नै, भाई," आनंदराज लातूरच्या हिंदीत म्हणाले. "पुण्य का काम है."

"आपके यहाँ नहीं बेचते?"

आनंदराजांच्या डोळ्यांपुढे रोज दारात येणारा जारवाला आला, त्याच्यामागे टँकरवाला आला. त्यांनी पिशवीतून धपाटा काढून त्याला दिला. फेरीवाला शेजारी बसला आणि चटणीला बोट लावत म्हणाला, "अंदर क्यों नहीं गए?"

"पानी फेंक के जाव बोलते."

"तो फेंक दो. यहाँ तो हर नुक्कड पे है."

"तुम लोगां पानी जाता सो देखे, भाई," आनंदराज म्हणाले. "हम आता क्या नै, वो देखते बैठते."

फेरीवाल्याने उरलेला धपाटा तोंडात टाकला. मग तोच ओरडून लोकांना बोलवायला लागला, "फ्री वॉटर, इंडियन वॉटर." पण रोमच्या माणसाला फुकट दिलेल्या वस्तूची शंका येते, त्यामुळे शेवटचं लिटर काही खपेना. ते दोघांनी मिळून प्यायलं. त्याचा व्हायचा तो परिणाम आनंदराजांवर झाला. ते घाईने लांबच लांब रांगेत उभे राहिले. आधी ती त्यांना कोलोसियमची वाटली होती, ती स्वच्छतागृहाची निघाली, आणि त्या वेळेला तीच हवी होती. तिथून मोकळे होऊन ते रिकाम्या हाताने, मोठ्या रुबाबात दारावर गेले. रखवालदाराने तिकिटावरची वेळ दाखवली, मग आपलं घड्याळ दाखवलं, आणि हाताचा पंजा उंच केला. पंजाचा अर्थ आता आनंदराजांना कळला होता.

मोबाईल बंद, नकाशा बंद. गंजगोलाईत चुकलेला माणूस रोममधून घरी कसा गेला, असं कुणी विचारेल. तो नळांच्या खुणेने गेला. लांडग्याचा नळ, मग कठड्याचा, मग कॅन भरला तो, आणि शेवटी कोपऱ्यावरचा त्यांचा स्वतःचा. एकही वळण चुकलं नाही.

"काय काय बगितलं?" महामायाबाईंनी दारातच विचारलं.

थाप मारायचं त्यांच्या मनात आलं होतं. पण बायकोपुढे त्यांना ते कधी साधलं नव्हतं. "नळ," ते म्हणाले. आणि त्यांनी सगळं सांगितलं.

लुंबिनी पोट धरून हसली. महामायाबाई हसल्या नाहीत. "बंदच करत न्हाईत?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"रातच्यालाबी?"

"रातच्यालाबी."

त्या बाळाला थोपटत राहिल्या. "मला दावा की एकदा," मग म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी बाळाला सर्दी झाली, मग निघायची आवराआवर आली, आणि विमानतळाची टॅक्सी मागच्या दाराला लागली. कोपरा तेवढा राहिला.

लातुरात आल्यावर मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवला, तेव्हा तो जिवंत झाला. नरसिंगरावांनी घाईघाईने त्यातला सापडला तो फोटो फ्लेक्सवाल्याला दिला. समाजमंदिरात फ्लेक्स झळकला : 'रोम : मी पाहिलेले', आणि खाली चिंब भिजलेले आनंदराज, लोखंडी खांबात बोट घालून. पहिल्या रांगेत वैजनाथअप्पा हाताची घडी घालून बसले होते.

"कोलोसियम आतून कसं हाय, तेवढं सांगा," आनंदराज माइकपुढे येताच अप्पांनी विचारलं.

आनंदराजांनी घसा साफ केला. पाठ केलेलं सगळं विसरलं. "मी आत गेलो न्हाई," ते म्हणाले. "मी नळ बगितला." आणि त्यांनी तो व्हिडिओ पडद्यावर लावला.

पडद्यावर नळ वाहत होता. पाणी येत होतं, पडत होतं, जाळीतून जात होतं. सुमनबाई हळूच म्हणाल्या, "आगं बाई, खाली घागरबी न्हाई." कुणीतरी विचारलं, किती वाजता सोडतात? सोडत न्हाईत, आनंदराज म्हणाले, असतंच. मागच्या रांगेतले लोक उठून पुढे आले. अप्पा काहीतरी बोलायला गेले, "दुबईत", तर चार बाजूंनी त्यांना "गप बसा वो" ऐकायला मिळालं. दोन वर्षांत ते पहिल्यांदाच गप्प बसले. आनंदराजांनी माइक हातात घेतला. आजी, विहीर, ते बोट, ती रांग, सगळं सांगायचं होतं, आणि आता ऐकायला अख्खी कॉलनी होती.

बाहेरून आवाज आला, "नळ आले."

सगळ्यात आधी उठले ते अप्पा. धोतराचा सोगा हातात धरून ते दारातून पार झाले होते. त्यांच्यामागे सुमनबाई, त्यांच्यामागे हार घेऊन उभे असलेले नरसिंगराव, हारासकट. खुर्च्या पडल्या. क्षणात समाजमंदिर मोकळं झालं. पडद्यावर रोमचा नळ रिकाम्या खुर्च्यांपुढे वाहत राहिला. आनंदराजांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण तोवर तेही माइक ठेवून पळत सुटले होते.

घरी महामायाबाईंनी आधीच पाइप लावला होता. बॅरल भरला, हौद भरला, पिंप, घागरी, पातेली, पिशवीतल्या दोन बाटल्या, सगळं भरलं. भरायला काही उरलं नाही. बादली तेवढी बाजूला रिकामी होती. आनंदराजांनी पाइप काढला आणि तोटीवर हात ठेवला. पण बंद केली नाही. उलट थोडी आणखी उघडली. धार फरशीवर पडायला लागली, फरशीवरून अंगणात गेली, अंगणातून दारापर्यंत.

"आवो," महामायाबाई धावत आल्या. "काय करायलाव? पाणी चाललं की."

"दावा म्हणली हुतीस न्हवं," आनंदराज म्हणाले. "हे बग. ह्याच्यासारखंच. निस्तं चालू."

महामायाबाई थांबल्या. पदराला हात पुसत त्या नवऱ्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पाणी कुणासाठीही न थांबता वाहत होतं. त्यांनी ते घटकाभर डोळे भरून बघितलं.

"चांगलं हाय रोम," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पायाने बादली धारेखाली सरकवली.